कॉन्कररचं पोतं

‘पी हळद अन् हो गोरी’ असली घाई हिंगोलीत कुणी करत नाही. हळदीचाच जिल्हा हा! जूनच्या सुमारास बेणं लावायचं, आठ-नऊ महिने राखायचं. मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. तेव्हा कुठे हळकुंड वसमतच्या मोंढ्यात पोचतं.

हाच संयम आता बीजीएमआय या मोबाइल गेमकडे वळलाय. पारावर चार पोरं माना खाली घालून बसलेली. पॉवरबँक एक, वायरी चार. गेममधले हुद्दे चढत जायचे: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, मग एसच्या पायऱ्या, आणि शेवटी कॉन्करर. तोही सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशेंनाच. खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो, असं जाणकार सांगतात. (भरतीच्या क्लासवालेही असंच काहीतरी सांगतात म्हणा.) बरं, सीझन संपला की हुद्दा घसरतो, पुन्हा चढा. 2022च्या जुलैत तर सरकारने अख्खा गेमच बंद केला. तो परतला 2023च्या मेमध्ये. तेवढ्यात हळदीचं एक पीक निघून गेलं.

भाव पडला तरी हळदीचं पोतं घरात तरी राहतं. कॉन्कररचं पोतं कुणाकडे शिल्लक असेल तर कळवा, आडत्याशी बोलून ठेवतो.