गोकर्ण द्या, गोकर्ण घ्या

फाल्गुन लागला की शहरातल्या बागप्रेमींना गावरान वाणांचा कळवळा येतो. मग रविवारी पहाटे गाड्या निघतात: बियाणं देवाणघेवाण सहल, नाश्ता-जेवणासकट. तिथे पोहोचल्यावर कळतं की प्रत्येकाच्या पिशवीत गोकर्णच आहे. तरीही अदलाबदल होते, मोठ्या गांभीर्याने. दुसरा लाडका ऐवज म्हणजे बाजारातल्या लालबुंद टोमॅटोचं वाळवलेलं बी. तो टोमॅटो संकरित असेल तर पुढच्या पिढीत गुण विखुरणार. पण पुडीवर ‘देशी’ लिहिलं की विषय संपला.

फांद्यांचा बाजार तर बघण्यासारखा. अंजिराची, डाळिंबाची काडी ओल्या गोणपाटात आणली तर मुळं धरते, हे खरं. पण हापूसची फांदी कुंडीत खोचून सोसायटीत पेट्या वाटायची स्वप्नं बघणाऱ्याला कोण सांगणार, की आंब्याला खुंट लागतो, कलम बांधावं लागतं? सांगितलंच तर तो म्हणतो, “सकारात्मक राहा हो!”

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. त्यांनी वाण जपले ते पेरून, पिकवून, पुन्हा बी धरून. इथे बी पुडीत जातं, पुडी फ्रीजमध्ये आणि फ्रीजचा फोटो व्हॉट्सॲपवर. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क दिला आहे. फोटो काढायचा हक्क आपण आपला घेतला.

यंदाही सहल आहे म्हणे. जाणाऱ्यांनी निदान गेल्या वर्षीची पुडी आधी मातीत घालावी.