रिंग बघितलीस का?

शिंग्रोबाच्या देवळापाशी मी आजवर सात वेळा थांबलो आहे. त्यातून एकदाच भक्तीने.

बाकी सहा वेळा गाडी तापली म्हणून. इंग्रजांना बोरघाटातून वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, असं सांगतात. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वर चढताना ड्रायव्हर मंडळी इथे नाणं टाकून पुढे जातात. मी नाणं टाकायचो आणि पुजाऱ्याकडे बादली मागायचो. चौथ्या खेपेपासून ते मला लांबून बघूनच बादली बाहेर काढून ठेवू लागले.

गाडी बाबांची. ८४ सालची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. घरात सगळे तिला अजून फियाटच म्हणतात. तिला दोष देणार नाही, कारण बाबांच्या मागे पंधरा वर्षं मी रेडिएटरमध्ये सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतत होतो. ज्या पाण्याने आमच्या गिझरचं कॉइल दोनदा गेलं, ते पाणी.

म्हणून पहिल्यांदा रेडिएटर उतरवला. कारागिराने वरची टाकी डाग काढून सोडवली आणि नळ्यांतून सळई फिरवली. आजीच्या तांब्याच्या बंबाच्या तळाशी जमायचे तसे पांढरे पापुद्रे ओंजळभर निघाले. एवढा पुरावा हाती लागल्यावर खटला संपला, असं मला वाटलं. पुढच्याच महिन्यात मी बादली घेऊन उभा.

गाडी तापली की महाराष्ट्रात एकही माणूस अडाणी राहत नाही. ‘वॉटर बॉडी गेली,’ असं एक स्कूटरवाला न थांबताच सांगून गेला. म्हणजे पाण्याचा पंप. तो बदलला. ‘पट्टा ढिला आहे,’ असं शेजारचे निवृत्त काका म्हणाले. पट्टा बोटाने दाबला तर सेंटिमीटरभरच दबत होता, म्हणजे ठीक होता. पण काकांचं मन राखायला तोही नवा घातला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून माझ्या हातावर ठेवला. ‘साहेब, आपल्या हवेला हे लागत नाय.’ त्यानंतर डिसेंबरातल्या सकाळी इंजीन गरमच होईना. कर्वे रोडपर्यंत चोक ओढलेला, पेट्रोल मात्र लग्नातल्या मठ्ठ्यासारखं संपायचं. आणि घाटात? घाटात बादली होतीच.

शेवटी ‘हेड गॅस्केट’ हा शब्द उच्चारला गेला. हा शब्द मेकॅनिक नेहमी हात पुसत पुसत आणि दुसरीकडे बघत उच्चारतात. गॅस्केट उडालं तर ऑइलमध्ये पाणी जाऊन डिपस्टिकवर दुधट फेस येतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. आमच्याकडे यातलं काहीही नव्हतं. तरी हेड उघडलं, फेसिंग करून आणलं, नवं गॅस्केट बसवलं. त्याला किती पैसे लागले हे मी घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

सहाव्या वेळी आई मागच्या सीटवर होती. दादरहून मावशीकडचं बारसं उरकून परत येत होतो. देवळाच्या वळणावर फुस्स आवाज झाला, बोनेटच्या फटीतून वाफ आली. मी उतरलो, पुजारीबुवांनी बादली दिली. आई उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, ‘काटा लाल रेघेच्या खालीच होता रे. मी बघत होते.’

‘बरं मग?’

‘मग पाणी आधीच कसं उतू गेलं? कुकरची शिट्टी होत नाही आणि कडेने पाणी फसफसतं, तेव्हा मी काय करते? रिंग बघितलीस का?’

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच, असं मी समजत होतो. ते शिट्टीचं काम करतं. आत दाब धरला की पाणी उशिरा उकळतं. सात पौंडांच्या झाकणाखाली ते ११० अंशांपर्यंत सहज कळ काढतं. दाब गेला, तर खंडाळ्याच्या उंचीवर तेच पाणी ९८ लाच उकळ्या मारतं. इंजीन बिचारं नेहमीएवढंच गरम होत होतं. अर्ध्या तासाने फडकं धरून झाकण काढलं. त्याचं रबर करंजीच्या कडेसारखं कडक आणि चिरलेलं होतं. (अर्धा तास थांबायचंच. तापल्या गाडीचं झाकण घाईने उघडलेल्याचा चेहरा एकदा पाहिला, की थांबता येतं.)

नवं झाकण चहा-वड्याच्या किमतीत आलं. थर्मोस्टॅटही परत बसवला. पुढच्या खेपेला शिंग्रोबा न थांबता पार केला, आईने मागून हात जोडले, आणि दोन वळणं पुढे रेडिएटरचा वरचा पाइप फाटला. इतकी वर्षं त्या रबराला दाब म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. टो करणाऱ्याने विचारलं, ‘काय काय बदललंय?’ मी यादी सांगितली. ‘आणि पाइप?’ म्हणाला.

पाइप बदलले. सातव्यांदा थांबलो ते मुद्दाम, नारळ घेऊन. पुजारीबुवा मला बघून सवयीने आत गेले आणि बादली घेऊन आले. आईने ती परत दिली.