नानांचा नाका

मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मंडईत कैऱ्या निवडणाऱ्या गर्दीत ज्यांच्या गळ्यात टाय दिसेल ते आमचे नाना. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायात चपला आणि मधे मरून रंगावर पिवळे ठिपके. भाजीवाली त्यांना बँकेतले साहेब समजून किलोमागे दहा रुपये जास्त सांगते. शिवाजीनगर स्टेशनच्या फलाटावर ते नुसते उभे राहिले, तरी चार माणसं आपणहून तिकिटं काढून दाखवतात. नाना ती नीट तपासून परत देतात.

तपासणं रक्तातच आहे. नाना बत्तीस वर्षं जकात नाक्यावर कारकून होते. तिथे टाय सोडाच, शर्टाचं वरचं बटणही कुणी लावत नसे. पुढे नानांची नोकरी संपली, २०१३ मध्ये पुण्यातली जकातही संपली. पण नानांच्या आतला नाका काही उठला नाही. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात ते पथारीसमोर उकिडवे बसतात आणि पुढ्यात आलेला प्रत्येक जुना टाय अडवलेल्या ट्रकसारखा तपासतात. माल कुठला? आला कुठून? आत काय भरलंय?

आधी टाय मध्यावर बोटाने तोलून धरायचा. टोकं सरळ लोंबली तर ठीक, टायने गिरकी घेतली की, "कापणाऱ्याने कापड वाचवलंय!" टायचं कापड तिरपं, पंचेचाळीस अंशांत कापावं लागतं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात ही युक्ती रूढ केली आणि टाय तीन तुकड्यांत जोडला. म्हणून गाठ सोडली की तो पुन्हा सरळ होतो. मग टाय उलटा करून मागच्या शिवणीत लपलेला सुटा दोरा शोधायचा. हाताने शिवलेल्या टायचा तो एक लांब, सैल टाका. टाय त्याच्यावर मागेपुढे सरकतो म्हणून ओढाताणीत उसवत नाही. दोरा सापडला की नानांचा चेहरा चोरटा माल सापडल्यासारखा उजळतो. पट्टे उतरतात कसे, तेही बघायचं. घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरले तर चाल इंग्लंडची. उलटे असतील तर अमेरिकेची, कारण तिकडच्या ब्रूक्स ब्रदर्सनी ते फिरवून घेतले. आणि बैलाचे दात बघून वय सांगावं तसं नाना रुंदीवरून साल सांगतात. दोन इंच? "एकोणीसशे साठच्या आसपासचा. केसांना ब्रिलक्रीम." साडेचार इंच? "सत्तरनंतरचा. बेलबॉटम आणि कल्ले."

या साडेचार इंचीमुळे घरात एकदा महाभारत झालं. लंडनच्या क्लिफर्ड स्ट्रीटवर १९६६ मध्ये मायकेल फिश नावाच्या माणसाने दुकान थाटलं आणि असले पसरट टाय गाजवले. आडनाव मासा, म्हणून टायला नाव पडलं 'किपर', म्हणजे धुरी दिलेला मासा. नानांनी ही माहिती कौतुकाने माईंना सांगितली. माई शांतपणे म्हणाल्या, "मग तो श्रावणात कपाटाबाहेर काढायचा नाही." तेव्हापासून नाना शहाणे झाले. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा टाय मिळाला, तेव्हा हे लॉर्ड्सच्या एमसीसीचे रंग असून त्या क्लबाच्या सभासदत्वासाठी लोक वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं रांगेत थांबतात, एवढंच त्यांनी सांगितलं. इंग्रज लोक या रंगांना 'अंडं आणि बेकन' म्हणतात, हे गिळून टाकलं. माईंनी टायकडे बघितलं, म्हणाल्या, "हळदीकुंकवाचा दिसतोय," आणि संक्रांतीला तो नानांना स्वतः काढून दिला.

पण माईंची खरी परीक्षा बोहारणीने घेतली. एके दुपारी तिच्या बोचक्यातून एका टायचं टोक लोंबत होतं. नानांनी जिन्यातच नाकाबंदी केली.

"हा कसा दिलास?"

"अवो दादा, कापडं मी घेते. भांडी मी देते."

"आज उलटं."

बोहारीण आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली असावी. पण बाई धंद्याची, लगेच सावरली. नानांनी आणलेलं पातेलं तिने नखाने वाजवलं, बाजूला सारलं आणि म्हणाली, "ह्ये लई पातळ हाय." घासाघीस तासभर चालली, फक्त उलट्या दिशेने. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री माईंनी सगळं फडताळ पालथं घातलं. मोदकपात्र काही मिळालं नाही. त्या वर्षी बाप्पाने तळणीच्या मोदकांवर भागवलं.

नानांकडे टायांची आवक-जावक वही आहे. आलेला माल, तारीख, ठिकाण, शेरा. नियम कडक आहेत. विणलेला टाय टांगायचा नाही, गुंडाळून ठेवायचा. रात्री गाठ सोडायचीच, तीही ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट. टाय गाठीसकट खुंटीला टांगणं म्हणजे बैल दावणीला बांधून गावाला जाणं! जुन्या बाजारात गाठ मारलेला टाय दिसला, तर भाव ठरायच्या आधीच नाना त्याची सुटका करतात.

"आपल्याकडे घरटी एक टाय, तो लग्नातला," नाना सांगतात. "गाठ येणारा माणूस खानदानात एकच. तो स्वतःच्या गळ्यात बांधणार, डोक्यावरून काढणार, नवरदेवाच्या डोक्यावरून घालणार. पुढे जन्मभर तो हारासारखा घालायचा आणि काढायचा. केंब्रिजच्या फिंक आणि माव या दोघांनी १९९९ मध्ये गणित मांडून गाठी मोजल्या. ८५ निघाल्या! आणि आपल्याकडे एक, तीही मामालाच येते!"

एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, हे सगळं कशासाठी?"

"अरे, टाय कुणी रोजचा म्हणून घेतो का? मुलाखत, लग्न, निरोपसमारंभ. म्हणजे हा एकेकाचा मोठा दिवस. आमच्या नाक्यावर मोठा दिवस नव्हता. दिवसपाळी आणि रातपाळी."

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना माझा लग्नातला टाय सापडला. १९९१ चा, निळा, गाठ जशीच्या तशी. बायको म्हणाली, "नानांना देऊन टाका, खूश होतील." मी तो नेला. नानांनी चष्मा चढवला, टाय बोटावर धरला. गाठीमुळे तोल सांभाळेना. सवयीने त्यांची बोटं गाठीत शिरली आणि तिथेच थांबली.

"ही तू नाही बांधलेलीस."

"नाही. मामाने."

"डावखुरे होते का रे?"

मी बघतच राहिलो. मामाला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

"गाठ दुसऱ्या अंगाला कललीय बघ. आपली इकडे झुकते." नानांनी बोटं हळूच बाहेर काढली. वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग टाय दोन्ही हातांनी उचलून, गाठीला धक्का न लावता, माझ्या पिशवीत ठेवला.

"अहो नाना, तुमच्यासाठीच आणलाय."

"हा माल अडवायचा नाही," नाना म्हणाले. "जकात माफ. जा."