मिनिटाला एकवीस थेंब

फॉर्मवर प्रश्न एकच होता आणि उत्तराला दहा ओळी : ‘नर्सिंगच का निवडले? आपले ध्येय काय?’ शिष्यवृत्ती देणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा फॉर्म. पुतणीनं तो माझ्यापुढे सरकवला. “काका, तुम्ही लिहिता ना मासिकांत? एवढं भरून द्या.” ज्याचं लिखाण दिवाळी अंकांकडून साभार परत येतं, त्याला कुणी आपण होऊन लिहायला सांगणं ही साधी गोष्ट नव्हे. मी चष्मा पुसून बसलो.

तासाभरात रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा झाली. क्रिमियाच्या युद्धातला दिवा पेटला. नाइटिंगेलबाईंची प्रतिज्ञा झाली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली गेलेल्या सावित्रीबाईही येऊन गेल्या. दहा ओळींच्या जागेत अडीच पानं.

पुतणीनं वाचलं. “छान आहे. पण ही मुलगी कोण, काका? मी तर नाही.”

मग तिनं पेन्सिल घेतली. नाइटिंगेलबाई १८५४ साली स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या, तेव्हा शिपाई जखमांपेक्षा रोगराईनंच जास्त मरत होते. बाईंनी हे मेलेल्यांचे आकडे मांडले, रंगीत आकृत्या काढल्या आणि सरकारच्या डोळ्यांत बोट घातलं. “दिवा काय, कुणीही धरेल,” पुतणी म्हणाली. आणि ती प्रतिज्ञा बाईंनी लिहिलेलीच नाही. ती १८९३ सालची, अमेरिकेतली. मी त्या ओळीवर मुकाट्यानं काट मारली.

“मग तुझं खरं कारण काय?”

“अण्णा.”

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८२. त्यांनी पन्नास वर्षांत आईचं ऐकलं नाही, तिथे डॉक्टर कोण? गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियानं त्यांना दवाखान्यात टाकलं, तेव्हा दोन रात्रींत त्यांनी तीनदा सलाईन उपटलं. सोबतीला आळीपाळीनं आम्ही दोघं.

दवाखान्यात शिरलं की गोतावळा वाढतो. आया मावशी, वॉर्डबॉय मामा, नर्स सिस्टर, पुरुष असला तर ब्रदर. डॉक्टरांना तेवढं नातं नाही. ते येतात, फाईल बघतात आणि जातात. तिसऱ्या रात्री नाईटला केरळच्या एक सिस्टर होत्या. मराठी अस्खलित, फक्त आदरार्थी बहुवचनाशी त्यांचं जमलेलं नव्हतं. अण्णांचा हात सुईकडे वळताना दिसला तशा त्या लांबूनच म्हणाल्या, “आजोबा, हात खाली ठेव.”

अण्णांनी हात खाली ठेवला.

त्यांना अरे-तुरे करणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई. ती जाऊन चाळीस वर्षं झाली. त्या रात्री अण्णांना काय आठवलं ते त्यांनी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. सकाळपर्यंत ते शहाण्या मुलासारखे झोपले, एवढं खरं.

पुतणीच्या मनात मात्र निराळंच बसलं होतं. सिस्टरनी बाटली पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि चक्री फिरवून थेंब लावले. अर्धा लिटर, आठ तास, मिलिलिटरला वीस थेंब पडणारा सेट : मिनिटाला एकवीस. कागद नाही, मोबाईल नाही. “वाढले तर हाक मार,” असं पुतणीला सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. ही पोरगी पहाटेपर्यंत थेंब मोजत बसली. “त्रैराशिक कशाला शिकवतात ते मला त्या रात्री कळलं,” ती म्हणाली. दहावीला तिला गणिताची शिकवणी मी लावली होती. त्या फीचा विषय मी काढला नाही.

“बरं, आणि ध्येय?”

“चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, मग आयसीयू. आणि पगार वेळेवर.”

“पगाराचं लिहू नकोस गं!”

“का? तुम्ही मानधनाची चौकशी करायला संपादकांना फोन करता तेव्हा साहित्यसेवा बाटते का?”

मैत्रिणी जर्मनीला जायचं म्हणून आतापासूनच जर्मन शिकताहेत, असंही तिनं सांगितलं. ती स्वतः मात्र आधी मल्याळम शिकणार आहे. त्या सिस्टरशी त्यांच्या भाषेत एकदा बोलायचंय, म्हणाली.

शेवटी तिनं स्वतःच लिहिलं. अण्णा, एकवीस थेंब, आयसीयू, पगार. सहा ओळींत आटोपलं, चार कोऱ्या सोडल्या. कोरी जागा सोडण्याचं हे धैर्य मला आजतागायत जमलेलं नाही. शिष्यवृत्ती मिळाली. माझी अडीच पानं वहिनीनं फळीवर डब्यांखाली अंथरली. साभार परत येण्यापेक्षा ते बरं.

दिवाळीत पोरगी हॉस्टेलवरून आली. सुरुवातीचे आठवडे म्हणे अंथरूण घालायला शिकण्यातच गेले : चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचायचे, एक सुरकुती दिसता कामा नये. आल्या आल्या तिनं अण्णांची खाट तशी करून दिली. चादर इतकी ताणलेली, की अण्णांना पाय आत घालता येईनात. रात्रभर ते वरच झोपले. तक्रार मात्र त्यांनी केलेली नाही.