आत्याबाईंच्या मिशा आणि अल गोर

आत्याबाईंना मिशा असत्या तर त्यांना काका म्हटलं असतं, असं सांगून आपल्याकडे जर-तर करणाऱ्याला गप्प बसवतात. अमेरिकेत या मिशांवर गेली पंचवीस वर्षं चर्चा झडताहेत. मिशा अल गोर यांच्या. लांबी ५३७ मतं.

२००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत गोर यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश फ्लोरिडात एवढ्याच मतांनी जिंकले आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या, त्या राज्याच्या २५ इलेक्टोरल मतांवर व्हाइट हाउसात पोचले. देशभरात गोर यांना पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती. पण जास्त मतं मिळवणं हा तिथे गुन्हा नसला तरी पात्रताही नाही. फ्लोरिडाचे गव्हर्नर बुश यांचे धाकटे बंधू जेब. निकालावर शिक्का मारणाऱ्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्याच तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. एवढं घरचं कार्य असूनही निकालाला पाच आठवडे लागले!

पाम बीचमध्ये मतपत्रिकाच अशी छापली होती की गोर यांचं समजून अनेकांनी तिसरेच उमेदवार पॅट ब्युकॅनन यांच्या नावाचं भोक पाडलं. ब्युकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली आणि यातली बरीचशी आपली नसावीत, असं खुद्द त्यांनीच सांगून टाकलं. (असा उमेदवार आपल्याकडे दाखवायला ठेवला तर तिकीट लावता येईल.) फेरमोजणीत अधिकारी या भोकांना लोंबणारे कागदाचे कपटे भिंगातून न्याहाळत बसले. शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली आणि आपला युक्तिवाद याच प्रकरणापुरता आहे, असंही बजावलं. वापरा आणि फेका.

गोर जिंकले असते तर इराकवर स्वारी झाली नसती, हवामानबदलाचा क्योटो करार अमेरिकेला लागू झाला असता, ध्रुवावरचा बर्फ जागच्या जागी राहिला असता, असं जर-तरवाले सांगतात. इराकचं एक वेळ मान्य. पण सिनेटचं काय? तिथे बलाबल ५०-५०. गोर यांचे जोडीदार जो लिबरमन उपाध्यक्ष झाले असते, की त्यांची सिनेटमधली कनेटिकटची जागा रिकामी आणि ती भरण्याचा अधिकार रिपब्लिकन गव्हर्नरांकडे. म्हणजे शपथ घेता घेताच सिनेट विरोधकांना आंदण! प्रतिनिधिगृह आधीच त्यांचं. क्योटोला सिनेटची दोन-तृतीयांश मतं हवीत आणि असा करार नको, हे सिनेटने १९९७ मध्येच ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून ठेवलेलं. त्या ९५ जणांत गोर यांचे पक्षबंधूही होते. बर्फाने मग कुणाच्या भरवशावर थांबायचं?

शिवाय फ्लोरिडाची गरजच नव्हती. गोर यांचं स्वतःचं राज्य टेनेसी, इलेक्टोरल मतं ११. तेवढी मिळाली असती तरी काम फत्ते होतं. पण ज्यांनी त्यांना सिनेटवर पाठवलं, त्याच मतदारांनी या वेळी ८० हजारांहून जास्त मतांनी घरी बसवलं. टेनेसीचा विषय निघाला की जर-तरवाले घड्याळाकडे बघतात. एवढ्या फरकाला भिंग लागत नाही.