नवतपा आणि तीन पंखे

जगात ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं करणारी जेवढी म्हणून माणसं आहेत, ती सगळी थंड खोलीत बसतात, हे कळायला माझा वर्ध्यातला एक अख्खा उन्हाळा गेला. त्यांच्या आलेखांखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : खोलीचं तापमान २१ किंवा २२ अंश. वर्ध्यात २२ अंश म्हणजे सण. तो जानेवारीत येतो, आम्ही कानटोप्या घालून तो साजरा करतो आणि शेकोटीशी बसून एकमेकांना 'लय थंडी पडून राहिली बाप्पा' असं सांगतो. मेमध्ये पारा ४५च्या पुढं गेला, तरी त्याची कोणी दखल घेत नाही. दखल घेतली जाते ती कूलरचा पंप बंद पडल्याची.

अशा गावात मी आरटीएक्स ३०८० आणलं.

कारण धंद्याचं आहे, असं घरी सांगितलं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडची लग्नसराई ऐन उन्हातली. नवरदेव घोड्यावर वितळत असतो, वरातीतले मामे घामानं निथळत असतात आणि हे सगळे कोजागिरीच्या चांदण्यात नाचत होते असं मला करून द्यायचं असतं. जुन्या कार्डाला ते झेपेना. (रात्री अकरानंतर नव्या कार्डावर मी काय खेळतो, हा या लेखाचा विषय नाही.) सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनानं कार्डांवरचं 'खाणकाम' बंद केलं आणि अहोरात्र राबलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. त्यातलंच एक मी नागपूरहून उचललं. बैल घेताना आमचे आबाजी दात बघायचे. कार्डालाही दात असतात, खालच्या कडेला, सोनेरी, एका ओळीत. पण त्यांवरून वय कळत नाही. विकणारा म्हणाला, "घरीच वापरलं भाऊ, पोट्टा कधीमधी गेम खेळे." प्रत्येक म्हातारा बैल विकताना कधीमधीच औताला जुंपलेला असतो.

पहिल्या रात्री व्हिडिओ रेंडरला लावला आणि कार्डावरचे तीन पंखे सुरू झाले. मार्च महिना होता, कूलर अजून गच्चीवरच होता, घर शांत होतं. पाचव्या मिनिटाला बाबा दारात. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळं दारात उभं राहण्याची त्यांची एक पद्धत आहे.

"काय बे, हेलिकॉप्टर उतरवून राहिला का घरात?"

मी त्यांना समजावून सांगितलं. या कार्डातल्या नखाएवढ्या... बरं, चार नखांएवढ्या चिपमध्ये २८३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. कार्ड पूर्ण जोरात चाललं की ३२० वॉट वीज खातं. आपला छतावरचा जुना पंखा ७५ वॉटचा, म्हणजे चार पंख्यांची वीज हे एकटं घेतं आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. बाबांनी बाकीचं सोडून दिलं आणि एवढंच धरलं, "म्हणजे लाइटबिल भरून आपण उन्हाळ्यात हीटर लावला." विज्ञानाच्या दृष्टीनं यात खोडायला जागा नव्हती.

पंखे थंडावा निर्माण करत नाहीत हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं समजलं. ते फक्त चिपची उष्णता उचलून खोलीत टाकतात, जसं मोठ्या काकांच्या घरचं भांडण आमच्या घरी येतं. भांडण तेवढंच राहतं, फक्त जागा बदलते. त्यात हिशोब सरळ बेरजेचा. पंख्यांचा वेग तोच ठेवला, तर माझं कार्ड खोलीपेक्षा साधारण ४५ अंशांनी जास्त तापतं. परीक्षकाच्या खोलीत २२ अधिक ४५, म्हणजे ६७, वा! माझ्या स्लॅबखालच्या खोलीत ४२ अधिक ४५. शाळेत बेरजेचा मला इतका राग कधी आला नव्हता. वर याच्या मेमरीची गंमत अशी, की ती ११० अंशांना पोचेपर्यंत कुरकुरत नाही. पाणी १००ला उकळतं. ११०च्या मुक्कामाला पोचल्यावर कार्ड आपणहून वेग कमी करतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि वर्धेकराला ते समजावून द्यावं लागत नाही. एप्रिल ते जून दुपारी बारा ते चार आम्ही सगळे तेच करतो.

आजीनं ऐकलं, की डब्ब्याले गरम होऊन राहिलं. तिनं एक पांढरा कांदा आणून कॅबिनेटवर ठेवला. "ऊन लागलं असंल त्याले. राहू दे जवळ." मी दोन दिवसांनी तो काढला, तेव्हा तापमान दोन अंशांनी उतरलेलं होतं. बाहेर ढग आले होते. पण ते आजीला कोण सांगणार?

मग मी फॅन कर्व्हच्या नादी लागलो. हा एक आलेख असतो. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग, आणि मधले ठिपके माउसनं धरून ओढायचे. ठिपक्यांची रांगोळीच, फक्त ही पुसून पुन्हा काढण्यात माणसाचं आयुष्य जाऊ शकतं. ६० अंशांना ४० टक्के, ७०ला ५५, ८०ला ७५. एखादा ठिपका जरा वर गेला, की घरात वारं सुटतं. वेग थोडा वाढवला की आवाजही थोडा वाढेल, ही आपली समजूत. तो सावकारी व्याजानं वाढतो. वेग दुप्पट केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं चढतो, आणि १० डेसिबल चढले तरी कानाला तो दुप्पट झाल्यासारखा वाटतो. वाऱ्याच्या शेवटच्या दोन फुंकरांसाठी अख्खी गल्ली जागी होते.

या कार्डांना एक शांत रीतही शिकवलेली असते. काम नसताना ५० अंशांच्या खाली पंखे पूर्ण थांबतात. परदेशात त्याचं फार कौतुक. पवनारला धामच्या काठी विनोबांनी २५ डिसेंबर १९७४पासून वर्षभर मौन पाळलं. माझं कार्ड चार मिनिटं पाळायचं. खोलीच ४२ अंश असल्यावर रिकामं बसलेलं कार्डही पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतं. ५१ झाले, पंखे सुरू. ४९ झाले, बंद. पुन्हा ५१. निघतो म्हणत चपला घालून पुन्हा सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्यासारखं. अखेर मी ती सोयच बंद केली. सतत बडबडणारा परवडतो.

एवढं सगळं शांततेसाठी चाललेलं असताना मी ओव्हरक्लॉकिंगही करत होतो, हे कबूल करायला हवं. म्हणजे एका हातानं बैलाला पाणी दाखवायचं आणि दुसऱ्या हातानं चाबूक. कार्डाला कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. १२० मेगाहर्ट्झ वाढवले, तेव्हा बारा मिनिटांचं काम साडेअकरा मिनिटांत झालं. त्या वाचलेल्या अर्ध्या मिनिटात मी काय करणार होतो, ते माझं मलाही ठाऊक नाही. शिवाय एका लग्नाचा व्हिडिओ ९८ टक्क्यांवर येऊन पडदा काळा झाला, तोही नेमका पाठवणीच्या प्रसंगावर. नवरी रडत होती, मीही.

आबाजी असते तर हसले असते. त्यांच्याकडं पेटी चरखा होता. लहानपणी मी त्याचं चाक गरागरा फिरवायचो आणि सूत तटकन तुटायचं. ते ओरडायचे नाहीत. तुटलेलं टोक पेळूला लावून पुन्हा हळू फिरवायला सांगायचे. पण चरख्याचा वेग वाढवायचा मोह खुद्द चरखेवाल्यांनाही सुटला नव्हता. अखिल भारत चरखा संघानं १९२९मध्ये चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, आणि त्याच्या अटी वाचल्या तर आजच्या कार्ड बनवणाऱ्यांना घाम फुटेल. आठ तास चालवूनही बाईला थकवा येता कामा नये, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको आणि यंत्र वीस वर्षं टिकायला हवं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. माझं कार्ड तिन्ही अटींत नापास. थकवा येतो, तो चालवणाऱ्याला आणि शेजारच्या खोलीतल्यांनाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरून कूलर उतरला. इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : कूलर म्हणजे प्लास्टिकचं ते गोंडस खोकं नव्हे. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, खिडकीबाहेर घोडीवर बसवलेला, तीन बाजूंना ताट्या आणि आत विमानाला शोभेलसा पंखा. दर उन्हाळ्यात ताट्या बदलायच्या, टाकी खरवडायची, पंप उघडून शिव्या द्यायच्या. वाळा घातला, की पहिले आठ दिवस घर देवळासारखं दरवळतं. विदर्भातली हवा तेव्हा इतकी कोरडी असते, की ओल्या ताटीतून आलेलं वारं दहा-बारा अंशांनी सहज उतरतं. एसीवाल्या मुंबईकर मेव्हण्याला हे पटत नाही. त्याच्याकडची हवा दमट, तिथं कूलर म्हणजे नुसता भिजलेला पंखा.

बाबांनी माझा डब्बा उचलून कूलरसमोर ठेवला. "तुहं ते ग्राफ बिफ राहू दे, इथं ठेव." तापमान ८७वरून थेट ७५. महिनाभराच्या रांगोळीनं जे झालं नव्हतं, ते मुख्याध्यापकांनी एका हातवाऱ्यात केलं. फक्त तिसऱ्या दिवशी कॅबिनेटच्या काचेवर पाण्याचे थेंब दिसले. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की थेंब वाळला की पांढरा डाग उरतो. मदरबोर्डावर तसे डाग नकोत म्हणून आईच्या जुन्या साडीचा आडपडदा लावला. कार्ड सोवळ्यात गेलं.

आणि खरा धक्का पुढंच होता. कूलर सुरू असताना मी कार्डाचे पंखे मुद्दाम शंभर टक्क्यांवर नेले. काहीच ऐकू आलं नाही. टीव्ही ऐकू येत नव्हता, आजीची हाक ऐकू येत नव्हती, तर तीन वीतभर पंख्यांची काय कथा? महिनाभर ज्या एकेका डेसिबलसाठी मी ठिपके ओढत बसलो होतो, ते सगळे त्या लोखंडी घरघरीत बुडून गेले होते. एप्रिल ते जून वर्ध्यात मूक ग्राफिक्स कार्ड विकत घेणं म्हणजे वरातीत कुजबुज करणं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि एके दुपारी वीज गेली. ती परत येईपर्यंत मी सेवाग्रामला जाऊन बसलो. बापूकुटी मातीच्या भिंतींची, वर बांबू आणि कवेलू. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आत जमिनीवर बसलं की गार. माझ्या खोलीतल्या तीन पंख्यांना आणि एका कूलरला जे जमत नव्हतं, ते तिथं शून्य वॉटमध्ये चाललं होतं. क्षणभर वाटलं, कार्ड इथंच आणून ठेवावं. मग प्लग कुठं लावणार, हा विचार आला.

पण तिथून परत आल्यावर मी चाबूक खाली ठेवला, म्हणजे अंडरव्होल्टिंग केलं. १.०५ व्होल्टवर पळणाऱ्या चिपला ०.८५वर आणलं. व्होल्टेजचा हिशोब वर्गात असतो, त्यामुळं व्होल्टेजमध्ये एवढीशी कपात केली की उष्णता धाडकन पडते. ३२० वॉटचं कार्ड अडीचशेवर आलं आणि वेग गेला शंभरात पाच. उपासाला बसल्यावर जसं पोटाला पहिल्या दिवशी कळतं आणि चौथ्या दिवशी कळत नाही, तसं त्याचं झालं. पंख्यांना कामच उरलं नाही. पावसाळ्यापूर्वी कार्ड उघडून साफही केलं. पत्र्यांच्या फटींत धुळीबरोबर कापसाचे बारीक तंतू अडकलेले. हिंगणघाटच्या कापसाचं एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नाव होतं. आता तो माझ्या हीटसिंकपर्यंत येऊन पोचला होता. जुनी थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसून नवी लावली. आजी बघत होती. "मातीची पट्टी का?" मी हो म्हणालो. काम तेच.

पाऊस आला, उकाडा आला, गेला. दसऱ्यानंतर कूलर फडक्यात गुंडाळून वर गेला. तुळशीचं लग्न झालं आणि माझा धंदा पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबरच्या रात्री मी रेंडर लावलं. खोलीत २४ अंश, कार्ड ५८वर, पंखे जेमतेम फिरताहेत, आणि आवाज? भिंतीवरच्या घड्याळाचा. मी स्वतःवर इतका खूश होऊन असा कधी बसलो नव्हतो.

एक वाजता बाबा दारात.

"झोप नाही येऊन राहिली बे. लय सुनसान वाटते कूलर नाही तर."

"पंखा लावून देऊ?"

"थंडी वाजते ना. तुहं ते हेलिकॉप्टर आहे ना, ते चालू कर."

मी आलेख उघडला. सहा महिने जिवापाड जपलेली रांगोळी एकेक ठिपका धरून वर ओढली, शेवटचा ठिपका छताला टेकवला. तिन्ही पंखे उठले. बाबा आत जाऊन आडवे झाले, अंगावर दोन वाकळी. थोड्या वेळानं आतून आवाज आला,

"अजून वाढते का?"

"शंभरच्या वर जात नाही बाबा."

"मग दार उघडं ठेव."