थाळी वाजली

परंपरा घडायला शेकडो वर्षं लागतात, असं म्हणणाऱ्याने मुलांचं उन्हाळी शिबिर पाहिलेलं नसावं. तिथे दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी जे चुकून घडतं ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम करायचं, आणि तिसऱ्या दिवशी कुणी विसरलं तर "आपल्याकडे असं चालत नाही" म्हणून ओरडायचं. झाली परंपरा!

पाचवीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मला आठ दिवसांच्या शिबिराला धाडलं गेलं. घाटाखालची शाळा, वर्गात ओळीने अंथरलेल्या सतरंज्या, मागे विहीर. चार गट, नावं अर्थातच रायगड, राजगड, तोरणा, सिंहगड. मी तोरण्याचा गटनायक. पहाटे साडेपाचला शिट्टी, मग सूर्यनमस्कार, श्रमदान, पोहे, दुपारी डोळे मिटून ऐकायचं ते बौद्धिक, संध्याकाळी लेझीम नि लगोरी. आईची आठवण काढायला दिवा मालवल्यानंतरची दहा मिनिटं तेवढी उरत. ती सगळा वर्ग एकदमच वापरी.

पहिल्याच रात्री आमटी खारट झाली. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, असं ताईंनी आधीच बजावलेलं. सगळे एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी सिंहगडातल्या एकाने तांब्याभर पाणी पिऊन आरोळी ठोकली, "वा, मावशी!" पंगतीने री ओढली. त्यानंतर रोज ही आरोळी झाल्याखेरीज घास उचलायचा नाही, असा नियम पडला. पुढेपुढे तर आमटी वाढायच्या आधीच ती होऊ लागली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी हरवली. तिसऱ्या पहाटे मावशींनी थाळी आणि पळी घेऊन वर्गावर्गातून असा काही दणका उडवला, की राजगड गट सतरंज्यांसकट अंगणात आला. दादांनी बाजारातून नवी शिट्टी आणली, चौथ्या पहाटे जीव खाऊन फुंकली. कुणी हलेना. "थाळी वाजल्याशिवाय उठायचं नसतं," रायगडाने पांघरुणातूनच कळवलं. ती नवी शिट्टी शिबिर संपेपर्यंत खुंटीला लटकून होती.

घरी पत्र लिहिणं ही मात्र वरून आलेली परंपरा. आंतरदेशीय पत्रावर मी लिहिलं, "मी मजेत आहे. लाडू संपले. विहिरीजवळ जात नाही." पत्र माझ्यामागून चार दिवसांनी घरी पोचलं. पोस्टमनकडून ते मीच घेतलं.

मोठमोठ्या परंपरांचं मूळही फार वेगळं नसावं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन तंबू ठोकले. स्काउट चळवळीची ती सुरुवात. मुलांना उठवायला त्यांनी कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचं शिंग फुंकलं. शंभर वर्षांनी, २००७ साली, त्याच बेटावर कुडूचं शिंग पुन्हा समारंभपूर्वक फुंकलं गेलं. त्या पहिल्या सकाळी साहेबांच्या हाताशी आमच्या मावशींची थाळी असती, तर शताब्दीला काय वाजलं असतं, याचा मी कधी कधी विचार करतो.

यंदा भाचा त्याच शिबिराला जाऊन आला. चार किलो मळके कपडे, फुटलेला गुडघा आणि बसलेला आवाज घेऊन. पहिल्याच जेवणाला ताटावर बसून ओरडला, "वा, मावशी!" बहीण दचकली, तिला वाटलं, ह्याला आई ओळखू येईना.

"मामा, तिथे शिट्टीने नाही उठवत," तो सांगू लागला. "थाळीच वाजवतात. पहिल्यापासून. महाराजांच्या काळात गडावर अशीच वाजवायचे म्हणे."

मी मान डोलावली. खुलासा करायचा म्हणजे, गटनायकाच्या गळ्यात शिट्टी कशासाठी दिली होती आणि विहिरीत वाकून बघू नको असं सांगितलेलं असताना तोरण्याचा गटनायक तिथे काय करत होता, इथपासून सुरुवात करावी लागली असती.

शिट्टी पितळेची होती. अजून तिथेच असेल.